लाँड्रीतला पुरावा

हल्ली घरोघरी एक पाहुणा येऊन बसलाय. त्याला अंथरूण लागत नाही, पांघरूण लागत नाही, पण एकदा ठाण मांडलं की उठायचं नाव काढत नाही. ‘पुढचा भाग’ हे त्याचं नाव. तुमच्याकडेही असेल. नाही म्हणू नका मंडळी, आपण सगळे एकाच माळेचे मणी आहोत!

चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर लाँड्री चालवणाऱ्या वहिनींकडे तो रोज दुपारी दोन ते चार मुक्कामाला असायचा. त्या वेळात गिऱ्हाईक कमी. मागे दोन मशिनं घरघरत असायची, नवरा छोट्या गाडीतून धुतलेले कपडे पोचवायला गेलेला असायचा आणि वहिनी काउंटरवर खळीच्या डब्याला मोबाईल टेकवून कोरियन सिरीयल बघायच्या. प्रेमाबिमाच्या नव्हेत हं. खुनाच्या. दर भागात एक मढं आणि सोळाव्या भागात खुनी. खाली पळणारी अक्षरं वाचता वाचता इस्त्री एकाच जागी राहायची आणि मग “अगं बाई!” म्हणून त्या ती उचलायच्या. गेल्या महिन्यात दोन शर्टांच्या कॉलरी अशाच गेल्या.

बाई तशी भित्री. पाल दिसली तरी स्टुलावर चढणारी. पण भीतीचं कसं असतं, दुखऱ्या दातासारखं. जीभ तिकडेच जाते. सिरीयल बघताना त्यांच्या अंगावर सरसरून काटा यायचा, तळहाताला घाम फुटायचा, तरी बोट पुढच्या भागावर पडायचंच.

“सूनबाई, एवढी भीती वाटते तर बघतेस कशाला?” कोपऱ्यात बसून कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावणारे सासरे विचारायचे. ते कोर्टात टायपिस्ट होते. तीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या टाइप करून निवृत्त झालेले. बोटं अजून टेबलावर वाजायची.

“बाबा, यातून माणूस शहाणा होतो. जग कसं असतं ते कळतं,” वहिनी म्हणायच्या.

सासरे नुसते हसायचे.

तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू आला आणि वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. काळी टोपी, काळा मास्क, हातात पातळ रबरी मोजे. आता तुम्हीच सांगा, कोरियन सिरीयलमधला खुनी दुसरं काय घालतो? माणूस बोलायचा हळू, अदबीनं. वहिनींच्या अनुभवानं तर हे फारच वाईट लक्षण! त्यांच्या हिशेबी आरडाओरडा करणारा माणूस कधी खुनी निघत नसे. खुनी तोच, जो जिन्यात बाजूला होऊन म्हाताऱ्यांना वाट देतो.

इमारतीत त्याला ‘टोपीवाले’ असं नाव पडलं. टोपीवाले घरी बसूनच छापायच्या पुस्तकांतल्या चुका तपासायचे, असं सेक्रेटरीसाहेब सांगत. खिडक्यांना सदा पडदे. कुणी येत नाही, कुणी जात नाही. फक्त दर आठवड्याला ते स्वतः खाली येऊन चादरी आणि उशांचे अभ्रे देऊन जात.

“कडक गरम पाण्यातून काढाल ना?” ते दर वेळी विचारायचे. “आणि परत देताना कृपा करून बंद पिशवीत द्या.”

“बंद पिशवीत,” वहिनी म्हणायच्या आणि गाठोडं लांबूनच ओढून घ्यायच्या.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगत आल्या, “त्यांच्याकडे एक मुलगी आहे बरं का. दाराच्या फटीतून दिसली. आठ-नऊ वर्षांची असेल. डोकं पार भादरलेलं! आणि कुठल्या शाळेतही जात नाही.”

डोकं भादरलेली मुलगी, बंद पडदे, काळा मास्क. वहिनींची त्या दिवशी पाचावर धारण बसली. त्यांनी भर दुपारी शटर अर्धं खाली ओढून घेतलं.

आणि मग त्या गुरुवारी, चादरींचं गाठोडं सोडताना, त्यांना तो अभ्रा सापडला. पांढऱ्या अभ्र्यावर तळहाताएवढा तपकिरी डाग. डागांच्या बाबतीत वहिनींचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. गंजाचा कुठला, चहाचा कुठला, शाईचा कुठला, नखानं खरवडून सांगायच्या. हा रक्ताचा होता.

त्यांनी तो झटकन काउंटरवर टाकला.

खरं तर या धंद्याची एक रीत आहे. वहिनी नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती शिकवली होती. कपड्यावर काय दिसलं ते काउंटरच्या बाहेर जाता कामा नये. लाँड्रीवाल्याला सगळ्यांची दुखणी, भांडणं, चोरटी जेवणं कपड्यांवरून कळतात. डाग दिसला की गिऱ्हाइकाला एवढंच विचारायचं, “हा कशाचा आहे?” कारण कशाचा ते कळलं तरच नीट निघतो. आणि मग तो काढायचा, विसरायचा. लोकांची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत. अकरा वर्षं वहिनींनी ही रीत पाळली. पण सिरीयलमध्ये तो तरुण इन्स्पेक्टर दर भागात ओरडायचा ना, “पुरावा धुवू नका!”

म्हणून त्यांनी तो अभ्रा धुतला नाही. चिमट्यानं उचलून पिशवीत घातला, पिशवीवर तारीख टाकली आणि खळीच्या पोत्यामागे लपवली. टोपीवाले कपडे न्यायला आले तेव्हा खाली बघत म्हणाल्या, “एक अभ्रा सापडत नाहीये. बघते मी.”

“असू द्या, काही घाई नाही,” टोपीवाले म्हणाले. डोळे लाल, थकलेले. क्षणभर थांबले, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. पण वहिनी दोन पावलं मागे सरकल्या आणि ते निघून गेले.

ते वळले मात्र, वहिनींनी पिशवीचा फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘दुसऱ्या मजल्यावर लक्ष ठेवा. अभ्र्यावर रक्त आहे. घरात लहान मुलगी कोंडलेली आहे. कोणाची ते माहीत नाही. आपापली मुलं सांभाळा.’

झालं! कापसाच्या वखारीत काडी पडली. संध्याकाळपर्यंत मुलगी पळवून आणलेली ठरली. दुसऱ्या दिवशी आणखी एक मुलगी होती, ती आता दिसत नाही, असंही ठरलं. लिफ्टमध्ये टोपीवाले शिरले की बाकीचे बाहेर पडू लागले. वॉचमन त्यांच्या पिशव्या उघडून बघू लागला. कुणीतरी त्यांच्या दारावर खडूनं फुली मारली. ती त्यांनीच ओल्या फडक्यानं पुसली.

सासऱ्यांना ग्रुपबिप ठाऊक नव्हता. त्यांना हे कळलं शनिवारी, काकूंच्या तोंडून. ते चिठ्ठ्या बाजूला ठेवून उठले.

“सूनबाई, तू काय पाहिलंस?”

“बाबा, रक्त पाहिलं. मुलीला कोंडलंय—”

“कोंडलेलं पाहिलंस?”

“म्हणजे... काकूंनी फटीतून पाहिलं.”

“काकूंनी मुलगी पाहिली. कोंडणं तू घातलंस. मी तीस वर्षं हेच टाइप केलं, बाळा. साक्षीदार छातीठोकपणे सांगायचा, ‘मी याला खून करताना पाहिलं.’ वकील विचारत विचारत खाली आणायचा, तेव्हा निघायचं की ह्यानं फक्त एक दार बंद होताना पाहिलं होतं! बाकी सगळं त्याच्या डोक्यात घडलेलं. आणि तोवर समोरच्या पिंजऱ्यातल्या माणसाची नोकरी गेलेली, बायको माहेरी गेलेली.”

“पण बाबा, मास्क, मोजे, टोपी, रक्त. एवढं सगळं जुळतं कसं?”

“सिरीयलमध्ये जुळतं, कारण लिहिणाऱ्याला खुनी आधीच माहीत असतो. तो तुला वेचून वेचून तेवढ्याच वस्तू दाखवतो. इथे तुला कोण दाखवतंय? तुझी भीती! आणि काय गं, तुझ्या त्या सिरीयलमध्ये पहिल्या चार भागांत ज्याच्या मागे सगळे लागतात तो कधी खुनी निघतो का?”

 कधीच निघत नसे. एका सिरीयलमध्ये गावानं निरपराध मास्तरला हाकलून दिलं तेव्हा त्या दोन दिवस रडल्या होत्या. डोळे सुजलेले बघून नवऱ्यानं विचारलंही होतं, कोण गेलं म्हणून.

“ग्रुपवरचं काढून टाक आणि वर जाऊन विचार, डाग कशाचा म्हणून. रोज सगळ्यांना विचारतेस, यांनाच का नाही विचारलंस?”

“मला भीती वाटते बाबा!” वहिनींचा आवाज फुटला. “उद्या बघू. उद्या संध्याकाळी हे घरी असतील, यांना घेऊन जाईन.”

उद्या! हा उद्या फार महाग असतो, मंडळी.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास बाहेर आरडाओरडा झाला. वहिनींनी शटर आणखी खाली ओढलं आणि वाकून फटीतून पाहिलं. टोपीवाले जिन्यातून धावत येत होते. मास्क नाही, टोपी नाही. शर्टाच्या दोन्ही बाह्या रक्तानं माखलेल्या. हातांत घोंगडीत गुंडाळलेली ती मुलगी आणि तिच्या तोंडावर त्यांनी टॉवेल दाबून धरलेला.

 अगदी सिरीयलसारखंच! अगदी तस्संच!

फाटकाबाहेर टॅक्सी उभी होती. वॉचमननं फाटक धाडकन लावलं आणि कुलूप घातलं.

“पोलीस येईपर्यंत कुठे जायचं नाही!” सेक्रेटरीसाहेब वरच्या गॅलरीतून ओरडले.

“अहो, हॉस्पिटलला न्यायचंय! सोडा!” टोपीवाल्यांचा आवाज चिरकत होता. “माझी मुलगी आहे हो! नाकातून रक्त थांबत नाहीये!”

“आम्हाला सगळं माहितीय! ग्रुपवर आलंय!” कुणीतरी म्हणालं. दहा-बारा माणसं जमली. निम्म्यांच्या हातात मोबाईल. सगळे फोटो काढत होते. फाटकाला हात लावायला एकही पुढे झाला नाही.

वहिनी शटरमागे उकिडव्या बसल्या होत्या.  मागून सासऱ्यांचा हात खांद्यावर आला. म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं.

“मला दिसत नाही. तू सांग. जबानी देतेयस असं समज. दिसतंय तेवढंच सांग. वाटतंय ते नको.”

“बाबा, तो... तो तिच्या तोंडावर...”

“दिसतंय ते!”

वहिनींनी डोळे पुसले. “टॉवेल आहे. नाकावर धरलाय. टॉवेल लाल झालाय. अजून होतोय, बाबा, ओलं आहे, गळतंय. तिचं डोकं त्यानं पुढे झुकवून धरलंय, घशात जाऊ नये असं. मनगटाला तिच्या पट्टी आहे, हॉस्पिटलची. हातावर चिकटपट्ट्या आहेत, सलाईनच्या. आणि तिचा दुसरा हात...”

“दुसरा हात कुठे आहे?”

वहिनींनी डोळे फटीला लावले. “त्याच्या गळ्यात. कॉलर घट्ट धरलीये. बाबा, त्यानं तिला धरलं नाहीये नुसतं. तिनं त्याला धरलंय!”

पळवून आणलेलं लेकरू असं गळ्याला बिलगत नाही. हे कळायला कुठला इन्स्पेक्टर लागतो? डोळे लागतात, आणि ते त्यांच्याजवळ तीन महिने होते.

त्या शटरखालून सरपटतच बाहेर आल्या.  आता भीती त्या माणसाची नव्हती. त्या टॉवेलची होती. केवढा भिजला होता! रोज कपडे हाताळणाऱ्या त्या बाईला कापडात किती मुरतं ते ठाऊक होतं.

“उघड फाटक!” त्या वॉचमनवर ओरडल्या.

“वहिनी, तुम्हीच तर लिहिलंत—”

“मीच लिहिलं! खोटं लिहिलं! मी काही पाहिलेलं नाही! ऐका सगळ्यांनी! मुलीला कोंडलेलं मी पाहिलं नाही, पळवलेलं पाहिलं नाही. मी सिरीयल पाहिली! तेवढीच पाहिली! उघड रे, पोर मरतंय!”

 वर आलेले मोबाईल हळूहळू खाली गेले. वॉचमनला किल्ली कुलपात नीट घालता येईना. वहिनींनी ती हिसकावून घेतली.

टॅक्सीवाला मात्र गर्दी बघून केव्हाच पसार झाला होता. तेवढ्यात नवऱ्याची गाडी वळणावर आली. वहिनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. “अहो, गाठोडी बाहेर टाका! सगळी!” लोकांच्या इस्त्रीच्या कपड्यांची गाठोडी धुळीत पडली आणि गाडी निघाली. मागच्या बाजूला टोपीवाले मुलीला छातीशी धरून बसले. समोर वहिनी, धुतलेले टॉवेल एकेक करून पुढे करत होत्या. पोरीचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. एका वळणावर तिची मूठ कॉलरवरून सैल झाली.

“बाळा, झोपू नकोस! ए राणी, डोळे उघड!” टोपीवाले तिला हलवत होते. वहिनींनी ती चिमुकली मूठ उचलून परत कॉलरवर ठेवली आणि आपल्या हातानं तिथेच दाबून धरली. हॉस्पिटलचं दार येईपर्यंत सोडली नाही.

मुलीला आत नेलं. दोघं बाकावर बसले. नवरा गाडीपाशी थांबला.  मग टोपीवाल्यांनीच सांगितलं, भिंतीकडे बघत. मुलीला रक्ताचा कर्करोग. औषधांनी केस गेलेले, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या, म्हणून नाकातून रक्त यायचं. बाहेरचा साधा सर्दीखोकलासुद्धा तिला झेपला नसता, म्हणून मास्क, म्हणून टोपी, म्हणून मोजे, म्हणून पडदे, म्हणून गरम पाणी आणि बंद पिशवी.

“सांगायचं होतंत हो एकदा,” वहिनी रडत म्हणाल्या.

“आधीच्या इमारतीत सांगितलं होतं. संसर्ग होईल म्हणून त्यांनी घर सोडायला लावलं. त्या दिवशी दुकानात तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही मागे सरकलात.”

वहिनींनी हात जोडले. “मला भीती वाटली. मी चुकले. मला माफ करा.”

“भीती मलाही वाटते, ताई. रोज वाटते. सकाळी तिला हाक मारायच्या आधी वाटते. पण माझ्या भीतीपायी मी कुणाचं फाटक बंद केलं नाही.”

 वहिनींनी मान खाली घातली.

डॉक्टर तासाभरानं बाहेर आल्या. रक्तपेशी चढवल्या होत्या, रक्त थांबलं होतं. “वाचली,” त्या म्हणाल्या. “पण अजून पाच-दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी हे सांगू शकले नसते. एवढा वेळ कुठे थांबलात?”

टोपीवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, “फाटक उघडायला उशीर झाला.”

त्यांनी नाव घेतलं नाही. वहिनींना वाटलं, घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच रात्री वहिनींनी ग्रुपवर सगळं लिहिलं, स्वतःच्या नावानिशी, एक शब्द न लपवता. काहींनी हात जोडलेली चित्रं पाठवली, काहींनी ग्रुपच सोडला. फाटकापाशी जमलेले सगळे म्हणाले की आम्ही फक्त बघत होतो. असो. पाण्यात पडलेलं तेल परत बाटलीत भरता येत नाही.

सतरा दिवसांनी मुलगी घरी आली. वहिनी हात स्वच्छ धुऊन, तोंडाला मास्क लावून वर गेल्या आणि दारापासून चार पावलं लांब उभ्या राहिल्या. दार उघडलं. टोपीवाल्यांनी ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. आतून बारीक आवाज आला, “बाबा, कोण आहे?”

“खालच्या लाँड्रीतल्या काकू.”

 मग ती पोर म्हणाली, “त्यांना सांगा ना बाबा, घाबरू नका म्हणावं. मी कुणाला काही करत नाही.”

वहिनींना उभ्या जागी रडू कोसळलं. एवढ्या खुनांच्या गोष्टी पाहिल्या त्यांनी, पण इतकं भयंकर वाक्य कधी ऐकलं नव्हतं. आठ वर्षांचं आजारी लेकरू, आणि आपण कुणाला काही करत नाही हे धडधाकट माणसांना पटवून देतंय!

“नाही गं राणी,” त्या दारातूनच म्हणाल्या. “तुला घाबरायचं काहीच कारण नव्हतं. आमचंच चुकलं. आम्हालाच तुझी माफी मागायचीये.”

“मग आत या ना,” मुलगी म्हणाली. “बाबा, येऊ दे त्यांना.”

टोपीवाले क्षणभर दारात तसेच उभे राहिले. मग बाजूला झाले.

मंडळी, गोष्टी बघा, खुशाल बघा. घाबरायलाही काही हरकत नाही. पण पडद्यावरचा खुनी उचलून शेजाऱ्याच्या घरात नेऊन बसवू नका. शेजाऱ्याबद्दल संशय आला तर दहा जणांना कळवण्याआधी त्याच्या दारावर एकदा टकटक करा आणि विचारा, “सगळं ठीक आहे ना?” निम्म्या वेळा दाराआड खुनी नसतो. मदतीची वाट बघत थकलेला कुणीतरी असतो. उरलेल्या निम्म्या वेळा तर काहीच नसतं. आणि खरोखर काही वावगं दिसलंच, तर पोलिसांना सांगा, पण दिसलं तेवढंच सांगा. आपल्या एका ओळीनं कुणाचं तरी फाटक बंद होतं, आणि आत कोण अडकलंय हे आपल्याला माहीत नसतं.